दिवाळीआधीची मधमाश्यांची बाग, सोलापूर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परतीचा पाऊस ओसरत आला की सोलापूरकरांचे तेच प्रश्न पुन्हा सुरू होतात. कुणाचं जुळे सोलापुरात छोटं अंगण असतं, कुणाची पूर्व भागात गच्ची, कुणाचं होटगीकडे अर्धा एकर. उत्तरं जागेप्रमाणे थोडी बदलतात, पण माती, ऊन आणि पाण्याची ओढाताण सगळीकडे सारखीच आहे.

लागवड नेमकी कधी करावी?

बी टाकायचं असेल तर हस्त आणि चित्रा, म्हणजे सप्टेंबरची अखेर ते साधारण 20 ऑक्टोबर. आपले शेतकरी याच सुमारास रब्बीची पेरणी उरकतात, कारण काळ्या मातीत तेव्हा पुरेशी ओल असते. बागेलाही तोच हिशेब लावा. वाफसा येऊ द्या. मूठभर माती दाबून सोडली की ती मोकळी व्हायला हवी, लाडू राहिला तर अजून दोन-तीन दिवस थांबा. चिखलात कुदळ घातली तर जी ढेकळं होतात ती उन्हाळ्यापर्यंत फुटत नाहीत.

रोपांना थोडी जास्त मुदत मिळते. स्वाती नक्षत्र संपेपर्यंत, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, ती निवांत लागतात. ऑक्टोबरचं ऊन मात्र फसवं असतं, म्हणून रोप संध्याकाळी लावा आणि पहिले आठ दिवस दुपारची सावली द्या. जुनं पोतं किंवा कडब्याची पेंढी चालते, हिरवी जाळीच हवी असं नाही. डिसेंबरात मातीला भेगा पडू लागल्या की नवं काही लावू नका. पाणी मुळांपाशी न थांबता भेगांतून खाली निघून जातं.

थंडीत मधमाश्या झोपतात ना? मग आता लावून काय उपयोग?

बर्फ पडणाऱ्या देशांत त्या थंडीत बाहेर पडत नाहीत. तिथली बागकामाची पुस्तकं आणि व्हिडिओ पाहून हा प्रश्न पडतो. सोलापुरात पारा बारा-पंधरा अंशांवर आला की माश्या सकाळी उशिरा कामाला लागतात, एवढाच फरक. उलट थंडी हीच त्यांची सुगी. तूर फुलावर, मागोमाग सूर्यफूल, मग करडई. ज्वारीचं परागीभवन वाऱ्यावर होतं, तरी कोवळ्या कणसावर सकाळी पराग गोळा करणाऱ्या माश्या हमखास दिसतात.

आपल्याकडे अडचण होते ती फाल्गुनापासून. रान मोकळं होतं, लहान फुलं करपतात, पाणी आटतं. तेव्हा माश्यांना तारतात ती झाडं: शेवगा, कडुनिंब, करंज, चिंच, शिरीष. म्हणून बागेची आखणी करताना माझा आग्रह एकच असतो. निम्मी जागा या थंडीत फुलणाऱ्या बियाण्याला द्या आणि निम्मी मेहनत उन्हाळ्यात फुलणाऱ्या झाडाला. आता लावलेलं झाड चैत्रापर्यंत मुळं धरून बसतं. जूनमध्ये लावू म्हणून सोडून दिलेला खड्डा बहुतेक वेळा खड्डाच राहतो.

आपल्याकडे कोणकोणत्या माश्या येतात?

सगळ्यांच्या ओळखीची ती आग्या, उंच इमारतीला किंवा वडाला एकच मोठं पोळं लटकवणारी. सातेरी अंधाऱ्या पोकळीत, झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या खबदाडात, एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. शहरातल्या बागेत सर्वांत जास्त भेटते ती फुलोरी. हिचं पोळं तळहाताएवढं, मेंदीच्या किंवा बोगनवेलीच्या फांदीला वरून गुंडाळल्यासारखं असतं. जवळून पाहा: पोळ्याच्या दोन्ही बाजूंना फांदीवर चिकट डिंकाचं कडं दिसेल. मुंग्या चढू नयेत म्हणून माश्यांनी केलेली ती तटबंदी. डंख नसलेली इवलीशी काळी माशी, जिला पोया म्हणतात, जुन्या भिंतीच्या फटीत राहते आणि दाराशी मेणाची नळी काढते.

या झाल्या वसाहत करून राहणाऱ्या. पण बागेतलं बरंचसं काम एकट्यादुकट्या राहणाऱ्या माश्या करतात आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. पोटाखाली पिवळा पराग माखलेली पानकापी माशी, शेपटाकडे निळसर पट्टे असलेली गुबगुबीत माशी, मोठा काळा भुंगा. टोमॅटो आणि वांग्याच्या फुलातला पराग मिठाच्या डबीतल्यासारखा बारीक भोकातून सुटतो, त्यासाठी फूल थरथरवावं लागतं. निळ्या पट्ट्यांची माशी आणि भुंगा ते करतात. सातेरीला आणि आग्याला ते जमत नाही. म्हणून थंडीत चार वांग्याची झाडं लावलीत तर भरिताची सोय होईल आणि सकाळी कान देऊन उभं राहिलात तर ती बारीक घूं-घूंही ऐकू येईल.

बियाणं कोणतं टाकू? यादी द्या.

यादीपेक्षा स्वयंपाकघरातले डबे उघडा. धणे, मोहरी, बडीशेप, ओवा, मेथी, तीळ. यातला तीळ पावसाळ्यात बरा, बाकी सगळं आत्ता पेरता येतं. धणे चपलेने किंवा लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करा आणि टाका. निम्मी कोथिंबीर खुडून खा, निम्मी तशीच ठेवा. दोन महिन्यांच्या आत तिला पांढऱ्या छत्र्या येतात आणि त्यांवर माश्यांची इतकी वर्दळ असते की महागड्या फुलझाडांनी लाजावं. मुळे, गाजरं लावत असाल तर दोन-चार उपटू नका, फुलू द्या.

अंगण असेल तर करडई हवीच. सोलापूरची माती आणि करडई यांचं जुनं सख्य आहे, कारण तिचं सोटमूळ खोल जातं आणि एकदा उगवली की ती जमिनीतल्या ओलीवर निभावते. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे भीमा, फुले कुसुमा असे वाण बियाण्याच्या दुकानात विचारता येतील. ओळींत दीड फूट अंतर ठेवा, दाट उगवलं तर विरळणी करा आणि उपटलेल्या कोवळ्या रोपांची भाजी करा, ज्वारीच्या भाकरीबरोबर. फुलं साधारण डिसेंबरअखेरीपासून. काटे असतात, त्यामुळे लहान मुलांच्या वाटेवर नको, कुंपणाच्या कडेला बरी.

सूर्यफूल ऑक्टोबरात टाकलं तर दोन महिन्यांत फुलतं. सगळं बी एकदम न टाकता पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीन खेपांत टाका. शोभेच्या दुकानात मिळणारी पराग नसलेली जात घेऊ नका, ती फुलदाणीसाठी असते.

आणखी एक, एकाच जातीची रोपं एका जागी घोळक्याने लावा, निदान चादरीच्या घडीएवढा तुकडा. मधमाशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर फिरते. इथे एक, तिथे एक असं शिंपडलेलं फूल तिच्या उपयोगाचं कमी.

दसऱ्याला झेंडू लावलाय, तो चालेल का?

हारासाठी चालेल. गच्च पाकळ्यांच्या गोंड्यात माशीला मधापर्यंत पोचायला वाटच नसते. एकेरी पाकळ्यांचा बुटका झेंडू, झिनिया, कॉसमॉस यांवर ती खुशाल बसते. शेवंतीचंही तसंच: मधला पिवळा गोल उघडा दिसतोय का, ते बघून रोप घ्या. वेल हवा असेल तर गुलाबी आइसक्रीम वेल गेटवर चढवा. पाणी कमी मागतो आणि वर्षातला बराच काळ फुलतो. मात्र आवरायला कात्री हातात ठेवावी लागते, नाहीतर शेजाऱ्यांच्या तारांवर जातो.

घाणेरी लावू नका, फुलपाखरं येत असली तरी. माळरानं तिने आधीच व्यापली आहेत.

तुळशीच्या मंजिऱ्या खुडायच्या की ठेवायच्या?

दोन्ही. सगळ्या ठेवल्या तर तुळस लवकर लाकडी होते, सगळ्या खुडल्या तर माश्यांना काही उरत नाही. वृंदावनातली तुळस हवी तशी खुडा. बाजूला दोन-तीन कुंड्यांत गळून उगवलेली रोपं वाढवा आणि त्यांना हात लावू नका. आश्विन-कार्तिकात, तुळशीच्या लग्नाच्या दिवसांत, त्या जांभळट तुऱ्यांवर फुलोरी सकाळपासून असते. सब्जाही तितकाच चांगला आणि तो बियांपासून सहज येतो.

गुलाबाच्या पानांना कुणीतरी गोल गोल कापतंय. औषध कोणतं मारू?

कोणतंच नको. कापलेली कड नीट पाहा: कंपासने काढल्यासारखा स्वच्छ अर्धगोल असेल आणि पानाच्या कडेपासूनच सुरू झालेला असेल, तर ती पानकापी माशी. अळीने खाल्लेलं पान वेडंवाकडं असतं आणि खाली विष्ठेचे काळे दाणे पडलेले असतात. ही माशी पान खात नाही. तो तुकडा पोटाशी धरून उडत नेते, पोकळ काडीत किंवा भिंतीतल्या भोकात त्याची पुंगळी करते, आत पराग-मधाचा गोळा आणि त्यावर एक अंडं ठेवून वरून आणखी पानांचं झाकण लावते. अशी एकामागे एक घरं. गुलाबाचं झाड यामुळे कधी मरत नाही. प्रदर्शनात ठेवायचं नसेल तर सोडून द्या.

दिवाळीच्या साफसफाईत बाग किती साफ करावी?

अर्धी. लागवडीत कितीही चुकलात तरी भागेल, पण इथे हात आवरा. पावसाळ्यात उगवलेलं सगळं माणूस लावून एका दिवसात खरवडून काढायची आपल्याकडे रीत आहे आणि नेमकी तेव्हाच ती रोपं फुलावर असतात. कंबरमोडी, जिला एकदांडीही म्हणतात, ती पांढऱ्या पाकळ्यांची पिवळी बटणं, लहान माश्यांचा रोजचा डबा आहे. ती पाणी न घालता जवळजवळ वर्षभर फुलते. माका, आघाडा, रानतुळसही राहू द्या.

काढायचं ते मात्र मुळासकट काढा. गाजर गवत फुलण्याआधीच उपटलं पाहिजे, हातमोजे घालून. सराट्यालाही फुलं चांगली येतात, पण अनवाणी मुलं असलेल्या घरात मी तो ठेवायला सांगणार नाही.

समोरचा, पाहुण्यांना दिसणारा भाग स्वच्छ करा, रांगोळीला जागा करा. मागच्या बाजूचा आडोसा होळीपर्यंत राहू द्या. शेजारी नाक मुरडतात, त्यांच्यासाठी कडेने विटांची एक ओळ मांडा. मग ती पडीक जागा न वाटता मुद्दाम राखलेली दिसते. पालापाचोळा जाळू नका, झाडांच्या बुडाशी पसरा.

माश्यांना राहायला काय करावं? ऑनलाइन मिळणारी लाकडी घरं घ्यावीत का?

आधी जमीन बघा. जगातल्या मधमाश्यांच्या जातींपैकी बहुसंख्य जमिनीत बीळ करून राहतात. म्हणून बागेत एक कोपरा उघडा, न खणलेला, आच्छादन नसलेला ठेवा. शक्यतो सकाळचं ऊन येणारा आणि थोड्या उताराचा. भेगाळणारी काळी माती यासाठी फारशी बरी नाही. मुरूम आणि पांढरी माती कालवून गुडघाभर उंचीचा बांध घाला, थापून घट्ट करा. आपल्या जुन्या माळवदाच्या घरांच्या मातीच्या भिंती याच कामी येत. गावाकडे पांढरीच्या भिंतीला पेन्सिलीएवढी भोकं आणि त्यांपाशी घिरट्या घालणाऱ्या माश्या अनेकांनी पाहिल्या असतील. ती घरं पडली आणि त्यांच्याबरोबर या माश्यांची बिऱ्हाडंही गेली.

काडीत राहणाऱ्यांसाठी बांबूचे किंवा बोरूचे वीतभर तुकडे, एका बाजूला पेर असलेले, वेगवेगळ्या जाडीचे. भोक 3 ते 10 मिलिमीटर. आतून गुळगुळीत करा, तुसं राहिली की पंख फाटतात. रिकाम्या डब्यात गच्च भरून पूर्वेकडे तोंड करून, पावसाचं पाणी आत येणार नाही असं पक्कं बांधा. वाऱ्याने हलता कामा नये. विकतची घरं बघायला छान असतात, पण भोकं बरेचदा फार मोठी किंवा आरपार असतात. दर एक-दोन वर्षांनी, माश्या बाहेर पडल्या की काड्या बदला, नाहीतर बुरशी आणि किडे माजतात.

फक्त गच्ची आहे आणि नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. जमेल?

जमेल, पण मोजक्या कुंड्यांत. लहान वीस कुंड्यांपेक्षा मोठ्या सहा बऱ्या, कारण लहान कुंडी ऑक्टोबरच्या उन्हात दुपारपर्यंत कोरडी पडते. नुसती काळी माती भरू नका, ती कुंडीत आकसून कडेने फट सोडते आणि घातलेलं पाणी सरळ खाली निघून जातं. एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग बारीक मुरूम किंवा कोकोपीट. वरून दोन-तीन बोटं उसाचं पाचट. ते या जिल्ह्यात मागाल तिथे मिळेल. कुंड्या स्लॅबवर थेट न ठेवता विटांवर ठेवा, गळतीचं भांडण टळतं.

तुळस, सब्जा, धणे, एकेरी झिनिया, कढीपत्ता आणि एखादी मिरची, एवढ्यावर गच्चीत माश्या येतात. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी खुशाल घाला, साबणाचं नको.

पिण्याच्या पाण्याचं काय? डेंग्यूची भीती वाटते.

रास्त भीती आहे. मातीची परात किंवा कुंडीखालची ताटली घ्या, खडे भरा, खड्यांची डोकी वर राहतील इतकंच पाणी घाला. माशीला उभं राहायला कोरडी जागा लागते, खोल भांड्यात ती बुडते. दर दोन दिवसांनी पाणी ओतून ताटली घासा. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर लागतो, त्यामुळे दोन दिवसांत बदललेल्या पाण्यात तो होत नाही. जागा एकदा ठरवली की बदलू नका आणि उन्हाळ्यात खंड पाडू नका.

साखरेचं पाणी ठेवू नका. मुंग्या आणि गांधीलमाश्या जमतात, शिवाय एका पोळ्याचा रोग दुसऱ्याला लागतो.

डाळिंबाला फुलं येतात आणि गळतात. माश्या कमी आहेत म्हणून का?

नेहमीच नाही. डाळिंबाला दोन तऱ्हेची फुलं येतात. बुडाशी फुगीर, सुरईसारखं दिसणारं फूल फळ धरतं. बुडाशी निमुळतं, घंटेसारखं असतं ते नर फूल, ते गळणारच. खाली पडलेली फुलं उचलून त्यांचं बूड बघा, बहुतेक दुसऱ्या प्रकारची सापडतील. सुरईसारखी फुलंही गळत असतील तर पाण्याचा ताण, जास्त झालेलं नत्र आणि फुलावर असताना केलेली फवारणी, या क्रमाने शोध घ्या. माश्या वाढल्या तर फळधारणा सुधारते हेही खरं. हस्त बहार, म्हणजे पावसाळा सरतानाचा फुलोरा, धरणाऱ्या सांगोला-पंढरपूरकडच्या बागायतदारांना हे सांगायला नको, अंगणात एकच झाड असलेल्यांना सांगावं लागतं.

मावा, पिठ्या ढेकूण पडला तर?

आधी पाण्याचा जोरदार फवारा. मग निंबोळी अर्क: लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर भिजवून गाळून घ्या. संध्याकाळी, माश्या परतल्यावर, उमललेली फुलं टाळून मारा. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम असलेली औषधं फुलझाडांवर नकोतच. ती झाडाच्या रसात भिनतात आणि मधात, परागात उतरतात, त्यामुळे संध्याकाळी मारली तरी धोका राहतोच. नर्सरीतून रोप आणताना शेवटची फवारणी कधी आणि कशाची झाली ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर आलेली फुलं खुडून टाका, पुढच्या बहराची वाट बघा.

अपार्टमेंटच्या टाकीला आग्यामोहोळ लागलंय. घालवायचं कसं?

रोजच्या वावरापासून लांब आणि उंच असेल तर राहू द्या. आग्या माश्या स्थलांतर करतात, हंगाम संपला की आपण होऊन पोळं सोडतात. दिवाळीत मात्र फार जपा. रॉकेट त्या दिशेला जाणार नाही, खाली धूर होणार नाही, पोळ्याजवळ हॅलोजन किंवा मोठा आकाशकंदील नसेल, हे सोसायटीत आधीच बजावून ठेवा. ही माशी रात्रीही दिव्याकडे येते. दगड मारणाऱ्या पोरांना मोठ्यांनीच आवरायचं. काढणं भागच असेल तर माश्या न मारता काढणारा जाणकार बोलवा. रॉकेल आणि पेटता बोळा ही माणसांच्या जिवाशी गाठ आहे.

हल्ला झालाच तर तोंड झाकून पळा आणि बंद खोलीत शिरा. पाण्यात उडी मारू नका, माश्या वर थांबतात. रुतलेला काटा नखाने लगेच खरवडून काढा. श्वास लागणं, ओठ सुजणं, चक्कर, यांतलं काही दिसलं किंवा बरेच डंख बसले असतील तर 108 ला फोन करा, घरगुती उपाय करत बसू नका.

मधपेटी ठेवू का?

पहिल्या वर्षी नको. पेटी म्हणजे हजारो तोंडं, आणि अंगणातल्या फुलांवर तेवढ्यांचं भागत नाही. त्यात आधीच येणाऱ्या रानमाश्यांच्या तोंडचा घास जातो. खरंच करायचं असेल तर पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी शिकून या, मग सातेरीपासून सुरुवात करा.

वेडा राघू तारेवर बसून माश्या खातो.

खाऊ दे.

भुंगा दाराच्या चौकटीला भोक पाडतोय.

त्याला रंग न दिलेलं, वाळलेलं लाकूड आवडतं. चौकटीला तेलरंगाचा हात मारा आणि बागेच्या टोकाला आंब्याचा किंवा पांगाऱ्याचा सुका ओंडका आडवा टांगून ठेवा. आधीच्या भोकात राहणारे बाहेर पडेपर्यंत ते बुजवू नका, आत पिल्लं असू शकतात. मादी सहसा डसत नाही आणि तुमच्या तोंडासमोर येऊन घोंघावणारा नर असतो, त्याला तर डंखच नसतो.